भाचीला पहिली भेट: टेलिस्कोप की बायनॉक्युलर?

मावशी: भाची ११ वर्षांची, डोंबिवलीत राहते. दिवाळीला टेलिस्कोप द्यायचाय, बजेट १२ हजार. दुकानदाराने खोक्यावर '६७५ पट' छापलेला ६० मिमीचा संच दाखवला. घेऊ का?

गच्चीवाला: अजिबात नको! भिंगाचा व्यास जितके मिमी, त्याच्या साधारण दुप्पट पट, एवढीच ढोबळ मर्यादा. म्हणजे ६० मिमीला १२०. पुढे चित्र मोठं होतं, पण नुसतं धुरकट. त्यात काडीसारखा ट्रायपॉड. फोकसच्या चाकाला बोट लावलं की गुरू आयपीसबाहेर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून गायब. असाच एक माझ्या माळ्यावर धूळ खातोय. सरळ १०×५० बायनॉक्युलर द्या, म्हणजे दहा पट आणि ५० मिमीची भिंगं. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, आणि कोपरं कठड्यावर टेकवली तर गुरूचे चार चंद्रसुद्धा. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच.

मृगशीर्ष: हा सल्ला अंधाऱ्या माळरानावरचा आहे हो. डोंबिवलीच्या उजेडात देवयानी दीर्घिका कुठून दिसणार? शहरातल्या दिव्यांना न जुमानता दिसतात ते चंद्र आणि ग्रह, आणि त्यांना पट लागतात. दहा पटीत शनी म्हणजे फार तर लांबट ठिपका. ७० मिमीचा, ७०० मिमी नाभीय अंतराचा साधा टेलिस्कोप घ्या, १० मिमीचा आयपीस लावा, ७०० भागिले १०, झाले ७० पट. कडी दिसली की पोरगी जी ओरडेल ना, ते बायनॉक्युलरने व्हायचं नाही.

गच्चीवाला: २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी कडेने दिसत होती, नुसती रेघ. तेव्हा कोण ओरडलं?

मृगशीर्ष: ती आता पुन्हा उघडतायत. मुद्दा सोडू नका.

गच्चीवाला: मुद्दा हाच, की सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला. बायनॉक्युलर खिडकीतूनही चालतो.

कोकणकर: दोघंही पावसाळा विसरलात. जून ते सप्टेंबर आकाश दिसत नाही, आणि दमट हवेत भिंगावर बुरशी चढते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. आणखी एक, भांडण नंतर करा: संचात आयपीसला लावायचा काळा सूर्यफिल्टर आला तर आधी फेकून द्या. उन्हाने तो तडकतो आणि डोळा जातो. माझं मत विचाराल तर १५० मिमीचा डॉब्सन, म्हणजे बैठ्या पायावर फिरणारा आरशाचा टेलिस्कोप. ६० मिमीच्या सहापट प्रकाश, हलणारा ट्रायपॉडच नाही.

मृगशीर्ष: सव्वा मीटरची नळी आणि तिचा बैठा लाकडी पाया. चार मजले मुलगी वाहणार की मावशी? शिवाय १२ हजारांत बसतो का बघा.

कोकणकर: बरं, मग घाई तरी नको. कर्जत लाइनला वांगणीत खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. तिकडे आधी वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावू दे.

मावशी: भाचीला आडून विचारलं. म्हणाली, शनी. किल्ली खरंच सेक्रेटरीकडे असते, पण त्या आमच्याच नात्यातल्या. वांगणीलाही नेईन. ७० मिमीचाच घेते, मात्र दुकानात ट्रायपॉड हलवून बघून. गच्चीवाले, माळ्यावरचा तुमचा विकणार का? आयपीस तरी उपयोगी पडतील.

गच्चीवाला: विकत नाही. फुकट न्या. ट्रायपॉडचा एक पाय मात्र पडदा लावायला वापरलाय.