मदत हवी आहे: दांडीखाली बिनकवचाची अंडी सापडतात, खाद्याचा दोष की आजार?

घरामागे सहा कोंबड्या आहेत. गेल्या बारा दिवसांत चार वेळा बिनकवचाचं अंडं मिळालं. आतला बलक ठीक असतो, वरून मात्र नुसता मऊ पापुद्रा. त्यातली दोन बाकीच्यांनी फोडून खाल्ली होती. चारही अंडी सकाळी बसायच्या दांडीखाली पडलेली होती, अंडी घालायच्या खोक्यात एकही नाही.

संशय ठिपकी नावाच्या कोंबडीवर आहे. वय अडीच वर्षं. आदल्या संध्याकाळी ती शेपूट पाडून, पिसं फुलवून कोपऱ्यात उभी असते आणि सकाळी अंडं पडलेलं दिसलं की ही पुन्हा माती उकरायला मोकळी. तुरा लाल आहे, खाणंपिणं चालू आहे. पोट चाचपून पाहिलं, सूज लागली नाही. सकाळी गळ्याखालची अन्नपिशवी (खाल्लेलं आधी साठतं ती) रिकामी असते. पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवाही नाहीत. बाकी पाचजणींची अंडी टणक आहेत.

खायला लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य), त्यातच शिंपल्याची पूड मिसळते. संध्याकाळी खुराड्यात कोंडण्याआधी धान्य टाकते, ते जरा हात सैल सोडूनच.

कॅल्शियम कमी पडत असतं तर सगळ्यांचीच कवचं पातळ झाली असती ना? मग एकटीलाच हे का? पिलू होती तेव्हापासून हातावर वाढवली आहे हिला. उशीर होऊन तिला गमवायचं नाही, म्हणून विचारते आहे.

उत्तर १:
ताई, आधी तातडीचं सांगतो. ती ताठ उभी राहून कुंथत असेल, दिवसभर अंडं पडलं नाही आणि खाणं सोडलं, तर अंडं अडकलंय असं समजा. कोमट पाण्यात वीसेक मिनिटं पोट बुडेल इतकं बसवा, कोरडं करून अंधाऱ्या शांत जागी ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा. बोट घालून अंडं आत फोडू नका. फुटलं तर आतून जखम होते, संसर्ग होतो.

आता कारण. तुमचं म्हणणं बरोबर आहे, मॅशच खराब असती तर एकापेक्षा जास्त कोंबड्यांत दिसलं असतं. पण सहाजणी एकाच भांड्यात खातात म्हणून सारखंच खातात असं नसतं. कवच बनायला सुमारे 20 तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री जातो, कोंबडी उपाशी असताना. एका कवचाला साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं. बारीक पूड पोटातून लवकर निघून जाते. जाडसर चुरा मात्र रात्रभर हळूहळू विरघळत राहतो. तो कमी पडला की ती स्वतःच्या हाडांतून काढते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम हवं, धान्यात ते नावालाच असतं. ठिपकी धान्यावर पोट भरत असेल तर तिच्या वाट्याला मॅश किती येते ते बघा. शिंपल्याचा जाड चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल. आणि अंगावर ऊन मिळतंय ना? ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

उत्तर २:
मला दांडीखालची जागा महत्त्वाची वाटते. कोंबडी रात्री दचकली तर अर्धवट अंडं वेळेआधी टाकते. खुराड्यात उंदीर किंवा मांजर येतं का, ते रात्री बॅटरी घेऊन पाहा. दुसरं, अंडी सुरकुतलेली, वाकडी, पांढरं पाण्यासारखं पातळ आणि जोडीला शिंका असतील तर इन्फेक्शस ब्राँकायटिस या कोंबड्यांच्या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराचा संशय घ्या. तो एकीपुरता राहत नाही. आणि तुरा निळसर, डोकं सुजलेलं, एकापाठोपाठ मरतूक असं काही दिसलं तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मूळ प्रश्न विचारणारी, अकरा दिवसांनी:
दोघांचेही मनापासून आभार. ठिपकीला चार रात्री वेगळ्या खोक्यात झोपवलं. बिनकवचाचं अंडं तिचंच होतं, संशय खरा ठरला. पण दुसरी गोष्टही निघाली. खुराड्याच्या मागच्या जाळीला भोक होतं आणि आत उंदराच्या लेंड्या होत्या. भोक बुजवलं, धान्य पाचव्या हिश्श्यावर आणलं, जाड चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला. चुऱ्यावर सगळ्यात आधी तीच तुटून पडली, पाहून पोटात कालवलं.

गेल्या सहा दिवसांत तिने तीन अंडी घातली. पहिलं पातळ कवचाचं, पुढची दोन टणक, पण एका टोकाला अजून खरखरीत दाणे आहेत. शेपूट आता वर असते. पशुवैद्यांना परवा दाखवलं. त्यांनी पोट तपासलं, सध्या औषध नको म्हणाले आणि विष्ठेचा नमुना जंतांसाठी घेतला आहे. तो अहवाल आला की इथेच लिहिते. तोवर एक विचारायचं आहे: कवचावरचे हे दाणे चुरा सुरू केल्यावर कुणाकडे आपोआप गेले का, आणि किती दिवसांत?