वैजनाथ ते महिपालगड पायवाट: डागडुजी आधी करावी की नवी जोडवाट?

पायवाट_मंडळी

नमस्कार. वैजनाथाच्या डोंगरावरून महिपालगडाकडं जाणाऱ्या जुन्या पायवाटेचं काम यंदा पाऊस सरला की हाती घ्यायचं ठरतंय. माणसं वीस-पंचवीस. निम्मी बेळगाव शहरातली, निम्मी उचगाव-बेकिनकेरे भागातली, आणि सगळी फक्त रविवारी मोकळी.

वाटेचे हाल असे: चढावर तांबड्या मातीत मधोमध गुडघाभर खोल घळ पडलीय. ती चुकवायला लोक कडेनं चालतात, त्यामुळं एकीच्या तीन वाटा झाल्यात. मधल्या टप्प्यात घाणेरी आणि कारवी इतकी माजलीय की पाठीवरची पिशवी अडकते. शिवाय अतिवाड बाजूनं एक नवी जोडवाट काढावी असा काहींचा आग्रह आहे, म्हणजे डांबरी रस्त्याला न लागता वर जाता येईल.

विचारायचं ते असं: घळ मातीनं भरून काढावी का? अवजारं किती लागतील? परवानगी कुणाची? आणि जोडवाट याच हंगामात घेतली तर चालेल का?

मुरूम_माती

घळ मातीनं भरू नका. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की ती माती खाली शेतात जाते आणि घळ आणखी वीतभर खोल होते. वाट पायांनी कमी झिजते, पाण्यानं जास्त. पाणी वाटेवरून उतरवलं नाही तर बाकीचं सगळं काम वाया.

आधी चढ मोजा. दहा मीटर दोरी, दोन काठ्या आणि गवंड्याकडची पाण्याची नळी एवढ्यावर भागतं. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर तो दहा टक्के. तांबड्या मातीत तेवढ्यापर्यंत वाट टिकते. पंधराच्या वर गेली की दरवर्षी दुरुस्ती आलीच. दुसरा हिशोब असा की डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त असला, तर पाणी वाट ओलांडून पलीकडं न जाता वाटेवरूनच धावतं. तुमची घळ नक्की अशाच ठिकाणी असणार, बघा.

घळीत अनघड दगडी बांध घाला, पाणलोटाच्या कामात ओढ्याला घालतात तसेच, फक्त लहान. पाया वीतभर खोल खणायचा. दोन्ही टोकं कडेच्या घट्ट मातीत हातभर आत घुसवायची. मधला भाग कडांपेक्षा चार-पाच इंच खाली ठेवायचा, म्हणजे पाणी मधूनच पडतं. मधला भाग उंच राहिला तर पाणी बाजूनं फुटतं आणि एका घळीच्या दोन होतात. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत आला की अंतर बरोबर. दोन-तीन पावसाळ्यांत गाळ साठून घळ आपोआप भरत येते.

चालायची वाट मात्र घळीतून काढून बाजूला नव्या रेषेवर न्या. रुंदी दोन फूट, तेवढी पुरे. बाहेरच्या कडेला हलका उतार हवा, दोन फुटांना एक इंचाहून थोडा जास्त. खणताना सगळ्यांचा हात वाट सपाट करण्याकडं जातो आणि खणलेली माती बाहेरच्या कडेला वरंब्यासारखी साठते. तो वरंबा राहिला की पाणी आत अडकलं. माती तिथं ठेवायचीच नाही, खाली पसरून टाका.

दर ठरावीक अंतरावर पाणी बाहेर काढणारा खोलगट भाग करायचा. पाच टक्के चढाला साधारण चाळीस मीटरवर, दहाला पंचवीसवर, पंधराला पंधरावर. लोक वाटेला काटकोनात दगडांची ओळ लावून मोकळे होतात. ती एका पावसात गाळानं भरते आणि पाणी वरून उडी मारतं. वाटेला तिरकी ठेवा, निदान तीस-चाळीस अंश, आणि नुसता दगड लावण्यापेक्षा वाटच तीन-चार मीटर लांबीत आधी थोडी खाली उतरवून मग पुन्हा वर चढवा. खणलेली माती त्याच चढाला वापरून चोपून घट्ट करायची. पाण्याला बाहेर पडायला हातभर रुंद तोंड हवं. तोंडापुढं तीन-चार फूट जागा मोकळी ठेवा आणि पाणी पडतं तिथं दगड पसरा, नाहीतर तिथूनच नवी घळ सुरू होते. काम झालं की वीस लिटरचा कॅन वरून ओतून बघा. पाणी बाहेर गेलं तर ठीक, थांबलं तर अजून खणा.

असा एक खोलगट भाग करायला तिघांना तास-दीड तास लागतो. नवी वाट साध्या मातीत माणशी दिवसाला तीन-चार मीटर, दगड लागला की त्याच्या निम्मी. आता तुमचे रविवार मोजा आणि जोडवाटेचं काय ते ठरवा.

सीमेवरचा

वरच्या हिशोबाला जोडून. जोडवाट कर्नाटकातून सुरू होऊन महाराष्ट्रात चढणार, म्हणजे कागद दोन. देवरवाडी आणि महिपालगड चंदगड तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर. अतिवाड-बेकिनकेरे बेळगाव तालुक्यात. दोन्हीकडची वनखाती वेगळी. इकडच्या परिक्षेत्र वनाधिकाऱ्याला, आरएफओला, अर्ज कन्नडमध्ये द्या, तिकडं मराठीत. इकडं मराठीत दिलेला अर्ज टेबलावर पडून राहिला म्हणून नंतर रुसण्यात अर्थ नाही. कन्नड लिहिणारा एक जण पहिल्यापासून सोबत घ्या की. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. दोन्ही ग्रामपंचायतींना प्रत द्या.

अर्जात 'रस्ता', 'बांधकाम' असले शब्द घालू नका. 'अस्तित्वात असलेल्या पायवाटेची श्रमदानातून डागडुजी, झाड न तोडता' असं लिहा, आणि खरंच तेवढंच करा. नकाशा, तारखा, माणसांची संख्या, अवजारांची यादी जोडा. नवी रेषा त्याच अर्जात घुसडली तर डागडुजीची परवानगीसुद्धा लटकते. जोडवाट वेगळ्या अर्जावर, पुढच्या हंगामाला.

त्याआधी जमीन कुणाची ते बघा. आपल्याकडं दिशांक ॲपवर उभ्या जागी सर्व्हे नंबर दिसतो, पलीकडं महाराष्ट्रात महाभूनकाशा या नकाशांच्या संकेतस्थळावर. अतिवाडच्या अंगाला काजूच्या बागा आहेत, म्हणजे काही तुकडे मालकीचे निघणार. मालकाचं तोंडी 'जावा की' एका वर्षापुरतं असतं. भाऊबंदकीत वाटणी झाली की दुसऱ्या भावाचं कुंपण येतं. साध्या कागदावर लिहून घ्या, आणि कुंपणात माणूस वळून जाईल पण गुरं जाणार नाहीत अशी नागमोडी फट आपल्या खर्चानं करून द्या. चार खांब आणि थोडी तार, बास. गुरं बागेत शिरली तर पायवाट बंद, हे गृहीत धरा.

भीमगडाकडचं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: तो भाग 2011 पासून अभयारण्य आहे. तिथं आपल्या मनानं कोयता चालवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. तिथं काम करायचं तर खात्यानं बोलावल्यावर, खात्याच्या माणसासोबतच.

खानापूर_तालुका

झाडोऱ्याबद्दल थोडं. कारवी आणि घाणेरी एकाच कोयत्यानं छाटायची गोष्ट नाही.

घाणेरी नुसती वरून तोडली की चौपट फुटते. पाऊस सरताना माती ओली असते तेव्हा बुंध्याखाली तीन-चार बोटं कुदळ मारून मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप मुळं वर करून तिथंच उलटं ठेवायचं. फळं धरलेली झुडपं उचलून दुसरीकडं नेऊ नका, बी सांडत जातं. रानमोडी हे असंच माजणारं दुसरं झुडूप हातानं उपटतं, पण फुलायच्या आत, म्हणजे डिसेंबरच्या आधी. फुलल्यावर बी वाऱ्यावर जातं आणि तुम्ही साफ केलेल्या मोकळ्या पट्ट्यातच उगवतं.

कारवी मात्र माती धरून ठेवते, तिला लागेल तेवढंच हात लावा. माणूस पिशवी घेऊन सरळ जाईल एवढं, म्हणजे चार फूट रुंद आणि आठ फूट उंच मोकळं केलं की झालं. कारवी तिरकी छाटली तर घोट्याएवढ्या उंचीचे भाल्यासारखे खुंट राहतात. उतरताना कुणी पडला तर तो खुंट तळहातातून आरपार जातो. जमिनीलगत, आडवा काप. संध्याकाळी निघताना एकानं फक्त खुंट बघत वाट चालायची.

पावसाळ्यात आणि लगेच नंतर कारवीवर, वेलींवर हाताच्या उंचीला मलबारी चापडा हा विषारी साप बसलेला असतो. हात घालण्याआधी काठीनं हलवा. कुणाला चावलाच तर पट्टी आवळणं, कापणं काही नको. तो पाय-हात न हलवता 108 ला फोन आणि थेट बेळगावचं जिल्हा रुग्णालय. आमच्याकडं अस्वल आणि गवा असल्यामुळं सकाळी आठच्या आधी आणि चारनंतर जंगलात काम ठेवत नाहीत. तुमच्या डोंगरालाही तोच नियम लावा. डिसेंबरनंतर गोचिडांचं बघा. दोडामार्ग, सत्तरी या बाजूला गोचीड चावून होणारा माकडताप झालेला आहे. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात, घरी गेल्यावर गरम पाण्यानं अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता खात्याला कळवा.

पायवाट_मंडळी

सगळ्यांचे आभार. म्हणजे जोडवाट पुढच्या वर्षी, पटलं. दोन गोष्टी अजून: एका ठिकाणी चढ इतका उभा आहे की वळसा घ्यायला जागाच नाही, तिथं पायऱ्या घालाव्यात का? आणि वीस-पंचवीस माणसं एकदम आणली तर गोंधळ होईल असं वाटायलंय.

मुरूम_माती

पंचवीस टक्क्यांच्या पुढं आणि वळसा नाही, तरच पायऱ्या. कमी चढाला घातल्या तर लोक बाजूनं गवतातून चालतात. दगड असा घ्या की दोघांना उचलताना कुंथावं लागेल. एकट्यानं उचलला जाणारा दगड पहिल्याच मोसमात हलतो. खालून वर बांधत जा. वरच्या पायरीचा पुढचा काठ खालच्या दगडाच्या मागच्या काठावर तीन-चार बोटं चढलेला हवा. उंची सहा-सात इंच, त्यापेक्षा जास्त नको, म्हातारी माणसं वैजनाथाला येतात. मागच्या पोकळीत माती नको, फोडलेली खडी ठासा. दोन्ही कडांना उभे ओबडधोबड दगड रोवा, म्हणजे बाजूनं कुणी जात नाही.

आणि गडाच्या तटाचा, पडक्या चौथऱ्याचा एकही दगड उचलायचा नाही. घडीव दिसला की सोडून द्या.

रविवार_गँग

माणसांचं सांगतो. एका टोळीत सहा ते आठ, वर नको. प्रत्येक टोळीला एक म्होरक्या. तो स्वतः खणत नाही, बघतो. टोळीला दोन टिकाव, दोन फावडी, तीन कोयते, एक पहार, एक हातकरवत, चार बुट्ट्या. यापेक्षा जास्त अवजारं नेली तर निम्मी वाटेवर पडून राहतात आणि कुणीतरी त्यावर पाय देतो. दोन टिकाववाल्यांत निदान दोन माणसांइतकं अंतर. पाणी माणशी तीन लिटर.

व्हॉट्सॲपवर 'येतो' म्हणणाऱ्यांतले निम्मे धरा. शुक्रवारी रात्री पुन्हा विचारा आणि तेवढ्याच माणसांचं काम आखा. आदल्या रविवारी दोघांनी जाऊन कामाच्या जागी चुन्यानं खुणा करून नंबर द्यायचे: खोलगट भाग 1, 2, 3. सकाळी येईल त्या टोळीला नंबर द्यायचा, म्हणजे डोंगरावर उभं राहून चर्चा होत नाही. ही चर्चाच बेळगावकरांचा खरा वेळ खाते ओ.

वर्षाचं चक्र असं ठेवा: ऑक्टोबरात झाडोरा, नोव्हेंबर-डिसेंबरात माती आणि दगड, मेच्या शेवटी पुन्हा एकदा फक्त पाण्याची तोंडं साफ करायला. पालापाचोळ्यानं एकेक तोंड बुजलेलं असतं. त्या एका दिवसाला लोक येत नाहीत, कारण ऊन असतं आणि फोटो काढावा असं काही नसतं. तेव्हा त्या दिवसाची माणसं डिसेंबरातच नावानिशी ठरवून ठेवा. पाच जण पुरतात.

सीमेवरचा

फलकांचं कुणी बोललं नाही. पाट्या लावायच्याच असतील तर फक्त पायथ्याला, पंचायतीच्या ठरावानं, आणि कोणत्या भाषेतल्या ते पंचायतीलाच ठरवू द्या. वर वाटेवर अक्षर नको, नुसता बाण पुरे. बाणाला भाषा नसते, त्यामुळं तो कुणी फासतही नाही. खडकावर ऑइलपेंट फासायचा नाही, वाट चुकते अशा फाट्यावरच दगडांची छोटी रास करा. गुरं तुडवतील तिथं लाकडी खुंटी ठोका.