ग्रंथालयातलं जादा काम: शाल-श्रीफळ पुरे, आता मोजा

कपाट नं. 7
12 ऑगस्ट, म्हणजे ग्रंथपाल दिन आला की नागपुरातल्या महाविद्यालयांत, वाचनालयांत भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथनांच्या तसबिरीला हार पडतो. वर्षभर नेमून दिलेल्या कामापलीकडची कामं ओढणाऱ्या एखाद्या परिचरालाही त्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं. भाषणात ठरलेलं वाक्य असतं, "हा कधी नाही म्हणत नाही." म्हणजे सत्कार झाला तो स्वभावाचा. काम किती झालं, ते मंचावरच्या कोणालाच ठाऊक नसतं.

उदाहरण संगणकीकरणाचं घ्या. 12,000 पुस्तकं आहेत. निम्म्यांची तयार नोंद दुसरीकडून उतरवून घेता येते, पुस्तकामागे 5 मिनिटं. उरलेली बहुतेक मराठी, त्यांची नोंद हातानेच करायची, किमान 10 मिनिटं. एकूण 1,500 तास. देवघेव सांभाळून रोज 2 तास मिळाले तर 750 कामाचे दिवस, म्हणजे अडीच वर्षं. कागदावर मात्र फक्त उद्घाटनाचा फोटो उरतो.

माझा प्रस्ताव साधा आहे. देवघेवीच्या टेबलाच्या खणात एक वही ठेवा. पाच रकाने: तारीख, काम, कोणी सांगितलं, किती वेळ लागला आणि त्यापायी रोजचं कोणतं काम थांबलं. शेवटच्या रकान्यासाठीच हा सगळा खटाटोप. महिनाअखेरीस ग्रंथपालाची सही, दर तिमाहीला वही ग्रंथालय समितीपुढे. 8 तास भरले की एक बदली रजा. रजा देणं शक्य नसेल तर मानधन. सत्कार त्यानंतर खुशाल करा.

लाल शाई
भाऊ, हेतू चांगला आहे, पण वही ठेवली की पिळवणुकीला रजिस्टर मिळेल, एवढंच. कोणतीही कर्तव्यसूची काढून बघा. शेवटची ओळ असते, "वरिष्ठांनी सोपवलेली इतर अनुषंगिक कामे." या एका ओळीत झेरॉक्स, हॉलमधल्या खुर्च्या, प्रवेशाचे अर्ज, सगळं बसतं. तुमच्या वहीतली प्रत्येक नोंद संस्थाचालक याच ओळीखाली ढकलतील.

खरा प्रश्न माणसांचा आहे. स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका सकाळी 6 ते रात्री 11 उघडी असते. 17 तास गुणिले 7, आठवड्याचे 119 तास. माणशी 48 तास धरले तर अडीच माणसं लागतात, रजा-आजारपण धरून तीन. ठेवलेली असतात दोन. तिसऱ्याचं काम हे दोघं वाटून घेतात आणि त्यालाच आपण "समर्पण" म्हणतो. समर्पणाचं कौतुक झालं की दोघांत भागतं हे सिद्ध होतं, मग तिसरी जागा कोण भरणार?

तर्री पोहे
दोघंही तासांवर अडलात. जादा कामात कौशल्य किती लागतं ते कोणी बोलत नाही. दोन नमुने देतो.

पहिला बारकोडचा. स्वस्त पडतं म्हणून उष्णतेने थेट छापणारी लेबलं घेतात, त्यांना शाईची रिबन लागत नाही. आपल्याकडचा मे महिना 45 अंशांचा, त्यात पश्चिमेच्या खिडकीशेजारचं कपाट. ती लेबलं काळवंडतात, रेघा फिक्या होतात, स्कॅनर वाचत नाही. रिबनवर छापलेलं लेबल टिकतं. शिवाय एक लेबल मागच्या पुठ्ठ्यावर, दुसरं आतल्या शीर्षकपृष्ठाच्या मागे लावायचं, कारण बाइंडिंगला गेलेलं पुस्तक पुठ्ठा बदलून येतं. हे ज्याने वेळीच सांगितलं, त्याने हजारो लेबलं दुसऱ्यांदा छापायचा खर्च वाचवला.

दुसरा फाँटचा. जुन्या याद्या युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलेल्या असतात. त्या तशाच नव्या प्रणालीत ओतल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो आणि शोधात एकही पुस्तक सापडत नाही. कन्व्हर्टरने बदलल्या तरी रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, ती हातानेच दुरुस्त करावी लागतात. त्यातच "दाखल क्रमांक 00451" आणि "451" प्रणालीला दोन वेगळी पुस्तकं वाटतात.

म्हणून माझी मागणी श्रेयाची आहे. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या. कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत नोंदींच्या बदलांचा लॉग चालू ठेवता येतो, कोणती नोंद कोणी केली ते दिसतं. पण सगळे एकाच पासवर्डने काम करतात, मग वार्षिक अहवालात "ग्रंथपालांच्या मार्गदर्शनाखाली" असं मोघम छापून येतं. पाच मिनिटांची सेटिंग आहे जी, पैसाही लागत नाही.

बर्डीचा वाचक
शालीची एवढी टिंगल नको. ज्या माणसाचं नाव कोनशिलेवर नाही, अहवालात नाही, त्याला चारचौघांत मंचावर बोलावणं ही लहान गोष्ट नाही. राज्य शासनाच्या रंगनाथन ग्रंथमित्र पुरस्कारातही कार्यकर्ता आणि सेवक असे गट वेगळे ठेवले आहेत. म्हणजे टेबलामागच्या माणसाची वेगळी दखल घ्यावी लागते, हे शासनालाही पटलेलं आहे.

लाल शाई
@बर्डीचा वाचक, गट वेगळा आहे, मान्य. पण असल्या कोणत्याही पुरस्कारासाठी प्रस्ताव लागतो: फोटो, कात्रणं, उपक्रमांचे पुरावे. दिवसभर पुस्तकं देणाऱ्या-घेणाऱ्याकडे फाइल कुठून येणार? फाइल कार्यवाहांची जाडजूड असते.

आणि सार्वजनिक ग्रंथालयांबद्दल बोलताना पैशाचा आकडा डोळ्यांआड करू नका. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य झालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीचे पैसे मिळतात आणि सेवकांचा पगार त्यातूनच भागवायचा. वेतनश्रेणी नाहीच. मूळ कामाचाच पगार पोटापुरता नसताना जादा कामाचं मानधन कोणत्या शीर्षाखाली टाकणार, ते @कपाट नं. 7 ने सांगावं.

कपाट नं. 7
बरोबर. ड वर्गाच्या वाचनालयात मानधन निघणार नाही, तिथे रजाच. तीही एकाच सेवकावर चालणाऱ्या ठिकाणी कशी द्यायची, तर वाचनालय त्या दिवशी अर्धा दिवस बंद ठेवून. वाचकांना कळू दे की माणूस एकच आहे.

नोंदपत्रक
महाविद्यालयाच्या बाजूने लिहिते. इथे दोन प्रकारची जादा कामं असतात. निवडणुकीचं काम लेखी आदेशाने येतं, तारखा ठरलेल्या असतात, मानधन मिळतं, संपल्यावर माणूस मोकळा. नॅकचं, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचं काम मात्र तोंडी येतं. आजवरच्या आराखड्यात ग्रंथालय निकष 4.2 मध्ये आहे. तेवढं भरणं हे ग्रंथपालाचं कामच, त्यात जादा काही नाही. पण "तुमच्याकडे स्कॅनर आहे ना" म्हणून सातही निकषांची कागदपत्रं ग्रंथालयात येऊन पडतात. पानं सरळ करा, पीडीएफचा आकार कमी करा, लिंक लावा, मुदतीच्या आदल्या रात्री बंद पडलेल्या लिंक शोधा. त्या महिन्यात नवी पुस्तकं दाखल न होता गठ्ठ्यातच राहतात आणि मुलांच्या हातात वर्ष संपताना पडतात.

म्हणून वहीपेक्षा आदेश मागा. दोन ओळींचा पुरेल: काम काय, कधीपर्यंत, त्या काळात देवघेवीला कोण बसणार. लेखी आदेश हाच पहिला सन्मान. पुढे पदोन्नतीच्या फाइलला तोच जोडता येतो, शाल जोडता येत नाही.

लाल शाई
इथे मी नोंदपत्रक ताईंसोबत आहे. त्यात एक भर. सगळ्यांत घातक जादा काम म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा कार्यभार. ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा रिकामी, किल्ल्या सहायकाच्या हाती. ग्रंथपडताळणी न करताच कार्यभार घेतला की जुनी गहाळ पुस्तकंही त्याच्याच नावावर येतात. अशा वेळी जादा जबाबदारीचं बक्षीस म्हणून पगारातून वसुली निघते.

केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 215 वाचून ठेवा. 20,000 पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, 20,000 ते 50,000 असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा, त्याहून जास्त असतील तर नमुना पडताळणी. वर्षभरात देवघेव झालेल्या आणि वाचायला काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे 5 गहाळ होणं वाजवी मानलं आहे, अर्थात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. 1,000 रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ असेल तर मात्र चौकशी हवीच. खासगी संस्थेला हा नियम थेट लागू नसला, तरी समितीपुढे आधार म्हणून ठेवता येतो. किल्ल्या घेण्याआधी दाखल नोंदवहीच्या शेवटच्या क्रमांकाखाली रेघ मारून दोघांच्या सह्या घ्या. गहाळ यादी त्याच दिवशी वेगळी करा.

आणि भत्ता? केंद्राच्या मूलभूत नियम 49 मध्ये 45 दिवसांहून जास्त काळ दुसऱ्या पदाचा कार्यभार असेल तर काही अटींवर त्या पदाच्या वेतनाच्या 10 टक्के जादा मिळण्याची तरतूद आहे, पण औपचारिक नेमणूक असेल तरच. "तात्पुरतं बघून घ्या" म्हटलं की दमडी नाही. ते "तात्पुरतं" पाच-पाच वर्षं चालतं बाप्पा!

तर्री पोहे
आदेश-आदेश ठीक आहे, पण सगळंच काम आदेशाची वाट बघत नाही. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं. तळमजल्यावरच्या ग्रंथालयात असं पाणी शिरलं, तर खालचे दोन खण वर हलवायला कोणाचं पत्र लागेल? भिजलेली पुस्तकं 48 तासांत बुरशी धरतात. गुळगुळीत कागदाची पुस्तकं ओली असतानाच पान-पान सोडवावी लागतात, वाळली की वीट होते. उन्हात ठेवली तर वाकतात. पंख्याखाली उभी करून दर काही पानांनंतर टिपकागद घालायचा आणि तो भिजला की बदलायचा. हे दोन दिवस झोप मोडून करणाऱ्याला पुढच्या सोमवारी "हजेरीपटावर सही का नाही?" असं विचारलं जाऊ नये, एवढा तरी सन्मान ठेवा.

कपाट नं. 7
मग दोन्ही ठेवू. ठरवून दिलेल्या कामाला आदेश, आपत्तीतल्या कामाला वही, नोंद सात दिवसांत. सांगणारा सही करत नसेल तर "कोणी सांगितलं" या रकान्यात "तोंडी" लिहायचं आणि वेळ टाकायची.

नोंदपत्रक
"तोंडी" कोण लिहिणार? कायम नोकरीतला लिहील. टेबलावर बसलेली मुलगी 11 महिन्यांच्या करारावर असते. दहाव्या महिन्यात ती वही उघडेल असं वाटतं तुम्हाला?

कपाट नं. 7
तिच्या नोंदी ग्रंथपालाने स्वतःच्या अक्षरात कराव्यात.

लाल शाई
आणि ग्रंथपालच कार्यभारावर असेल तर?