बंद पडलेले मॉल, बंद झालेली डिपार्टमेंट स्टोअर्स : तुमचे अनुभव लिहा

कॅनडातल्या हडसन्स बे कंपनीला १६७० साली इंग्लंडच्या राजाकडून सनद मिळाली. सुरुवात फरच्या व्यापाराने झाली, पुढे शहरोशहरी डिपार्टमेंट स्टोअर्स आली. मार्च २०२५मध्ये कंपनीने कोर्टाकडे धनकोंपासून संरक्षण मागितलं आणि १ जूनला तिची उरलेली सगळी दुकानं बंद झाली. साडेतीनशे वर्षांचा कारभार तीन महिन्यांत आटोपला.

त्याआधी ब्रिटनमधलं १७७८ सालापासूनचं डेबनम्स २०२१मध्ये गेलं. अमेरिकेत सिअर्सने २०१८मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, १८२६ साली सुरू झालेलं लॉर्ड अँड टेलर २०२०मध्ये कोसळलं. प्रत्येक बातमीत कारण एकच दिलेलं असतं : लोक आता ऑनलाइन खरेदी करतात. मला ते पुरेसं वाटत नाही. अमेरिकेत २०२४ सालीही एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा साधारण १६ टक्के होता. म्हणजे लोक दुकानात जातात, या दुकानांत जात नाहीत.

आणि बंद होताना नेमकं काय बंद होतं, हे विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही. म्हणून हा धागा. तिथे नोकरी केली असेल, गाळा भाड्याने घेतला असेल, काही विकत न घेता नुसते फिरला असाल, तरी लिहा. तक्रार असेल तर कंपनीचं नाव टाळून लिहा.

*

मी कपड्यांच्या विभागात होते. एका मोठ्या साखळीच्या शाखेत, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. क्लिअरन्स सेलबद्दल बाहेरच्यांना फार कमी माहिती असते, म्हणून सविस्तर लिहिते.

बंद करायचं ठरलं की दुकान दुकानाच्या लोकांच्या हातात राहत नाही. माल संपवून देणारी वेगळी कंपनी येते. किमती तीच ठरवते, पाट्याही तिच्याच लागतात. पहिल्या आठवड्यांत सूट अगदी थोडी असते. आदल्या महिन्यातल्या नेहमीच्या सेलमध्ये याहून जास्त होती, हे आम्हाला दिसत होतं, पण गर्दी लोटत होती. मग ट्रक यायला लागले. आम्ही कधीच न विकलेला माल त्यांतून उतरायचा आणि आमच्या रॅकवर लागायचा. बंद होणाऱ्या दुकानाच्या नावावर तो खपवायचा असतो. वर्षानुवर्षं येणाऱ्या बायका कापड चिमटीत धरून माझ्याकडे बघायच्या. त्यांना कळत होतं की हे आपल्या दुकानातलं नाही.

मग गिफ्ट कार्ड बंद झाली. परत घेणं, बदलून देणं बंद झालं. शेवटी रॅक, हँगर, आरसे, पुतळे विकायला निघाले. आमच्याकडे आल्टरेशनचं काम करणारे एक वयस्क गृहस्थ होते. नेहमीच्या गिऱ्हाइकांची मापं त्यांच्या वहीत होती. कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणाची एक बाही अर्धा इंच कमी, असं सगळं. त्यांनी सगळ्यांना फोन करून मापं कागदावर उतरवून दिली. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा पगारही नव्हता. कंपनीच्या मालमत्तेच्या यादीत फर्निचर होतं, ती वही नव्हती. मला आजही याचा राग येतो.

*

मी बराच काळ मॉलमधले गाळे भाड्याने देण्याच्या कामात होतो. वरच्या ताईंनी आतली बाजू लिहिली, मी करारांची लिहितो.

मॉलच्या टोकांना जी मोठी दुकानं असतात त्यांना आमच्यात अँकर म्हणतात. अँकर जागेच्या मानाने फार कमी भाडं देतो, कधी इमारतीचा तो भाग त्याच्याच मालकीचा असतो. कारण गर्दी तो आणतो. खरं भाडं मधल्या छोट्या गाळ्यांकडून येतं. या गाळेवाल्यांच्या करारात बहुधा एक कलम असतं : अँकर बंद झाला आणि ठरावीक मुदतीत दुसरा आला नाही, तर भाडं कमी करायचं किंवा करार मोडून बाहेर पडायची मुभा. त्यामुळे एक मोठं दुकान गेलं की ज्यांचा धंदा बरा चालला होता तेही निघतात. मालकाने इमारतीवर कर्ज काढलेलं असतं. भाडं घटलं की कर्जाचं नूतनीकरण अडतं आणि देखभालीला कात्री लागते. आधी कारंजं बंद होतं, मग एक सरकता जिना, मग छत गळतं तिथे बादली येते. गिऱ्हाईक बादली बघून परत येत नाही.

मुळात अमेरिकेत मॉल गरजेपेक्षा फार जास्त बांधले गेले. १९५४ साली करकायदा बदलला आणि नव्या इमारतीचा घसारा, म्हणजे वापराने घटणारी किंमत, सुरुवातीच्या वर्षांतच जास्त दाखवून कर वाचवता येऊ लागला. त्यामुळे गिऱ्हाइकांची संख्या न बघताही मॉल उभारणं फायद्याचं झालं. इंटरनेटच्या कितीतरी आधी पेरलेलं पीक आहे हे.

*

इंटरनेटचा मुद्दा आला म्हणून थोडं सिअर्सबद्दल. टपालाने माल घरपोच देणारी ही कंपनी, तिच्या कॅटलॉगमधून लोकांनी अख्खी घरं मागवली, १९०८ ते १९४० या काळात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना स्थानिक दुकानदाराकडून होणारा अपमान टाळून खरेदी करता आली ती या कॅटलॉगमुळे. तो मोठा कॅटलॉग १९९३मध्ये बंद केला. अ‍ॅमेझॉनची स्थापना १९९४ची. पुढे २०१५मध्ये कंपनीने आपल्या दोनशेहून जास्त जागा एका वेगळ्या कंपनीला विकल्या आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी स्वतःच भाडेकरू झाली. ज्यांनी हे निर्णय घेतले त्यांना सोडून दोष गिऱ्हाइकाच्या मोबाइलला देणं अन्याय आहे.

*

मी व्हीलचेअर वापरते. मॉलबद्दल कोणी नाक मुरडलं की मला वाईट वाटतं, कारण मला न विचारता मला आत घेणारी ती पहिली जागा होती. सपाट जमीन, रुंद दारं, लिफ्ट, स्वच्छ आणि मोठं स्वच्छतागृह, ऊन नाही, पाऊस नाही, बर्फ नाही. मी मैत्रिणींना तिथेच भेटायचे. आमच्या जवळचा मॉल बंद झाल्यावर खरेदी अडली नाही, सगळं घरी येतं. मी बाहेर पडणं अडलं. भेटायचं ठरलं की आता आधी पायऱ्या किती ते विचारावं लागतं, आणि विचारणारी मी एकटीच असते.

*

+१. माझे सासरे रोज सकाळी मॉलमध्ये चालायचे. दुकानं उघडायच्या आधी दारं उघडी ठेवत. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनीच सुचवलं होतं. त्यांच्यासोबत चालणाऱ्यांचा एक गट जमला होता, कोणी आलं नाही तर दुपारी फोन जायचा. तो गट आता विखुरला आहे.

*

थोडा वेगळा सूर लावतो. मॉलने आधी गावातली बाजारपेठ मारली, हे विसरू नये. मी लहान होतो तेव्हा मुख्य रस्त्यावरची दुकानं एकेक करून बंद होताना पाहिली आहेत. तेव्हा त्यांच्यासाठी कोणी लिहिलं नाही.

ज्याने बंदिस्त मॉल घडवला त्या व्हिक्टर ग्रुएनचीही हीच व्यथा होती. १९३८ साली नाझींपासून जीव वाचवून तो व्हिएन्नाहून अमेरिकेत आला. १९५६मध्ये मिनेसोटातल्या इडायना इथे त्याचा साउथडेल मॉल उघडला. त्याच्या मूळ आराखड्यात आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं हे सगळं होतं. दुकानं आणि गाड्यांचा तळ एवढंच बांधलं गेलं. उतारवयात त्याने या मॉलचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. मला तो माणूस जवळचा वाटतो.

*

जपानमधून लिहितेय. यामागाता शहरातलं ओनुमा हे डिपार्टमेंट स्टोअर जानेवारी २०२०मध्ये बंद पडलं. घराणं १७०० सालापासून व्यापारात होतं. एकही डिपार्टमेंट स्टोअर नसलेला तो जपानमधला पहिला प्रांत ठरला. त्यानंतर तोकुशिमा, मग शिमाने. इथे भेटवस्तू कोणत्या दुकानाच्या कागदात गुंडाळली आहे, यावरून देणाऱ्याचा आदर कळतो, त्यामुळे प्रांतातून असं दुकान जाणं लोकांना फार लागतं.

३१ ऑगस्ट २०२३ला तोक्योमधल्या इकेबुकुरोच्या सेइबू स्टोअरमध्ये कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा संप केला. जपानच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये साठेक वर्षांत संप झाला नव्हता. मालक कंपनी हा धंदा एका गुंतवणूक संस्थेला विकत होती आणि नोकऱ्यांची हमी मिळत नव्हती. त्याच दिवशी मालकांनी विक्री मंजूर केली. तरीही तो संप झाला याचं मला मोल वाटतं. बाकी ठिकाणी कर्मचाऱ्यांना बातमी वर्तमानपत्रातून कळते.

*

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्थ रँडल इथे १९७६ साली रँडल पार्क मॉल उघडला, तेव्हा तो जगातल्या सर्वांत मोठ्या मॉलपैकी एक होता. तो पाडला आणि २०१८मध्ये त्याच जागेवर अ‍ॅमेझॉनचं गोदाम सुरू झालं. मी दुसऱ्या एका राज्यात, दुसऱ्या कंपनीच्या गोदामात काम करतो, तीही जागा पूर्वी मॉलची होती. पगार मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण या जागेत पूर्वी कोणीही येऊ शकत होतं, आता माझ्या बायकोलाही दारापलीकडे येता येत नाही. माझ्यासोबत एक सहकारी आहे, त्याचं आधी मॉलमध्ये दुकान होतं. पूर्वी गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखायचं, आता स्कॅनरला त्याचा नंबर माहीत आहे.

*

सगळं पाडावंच लागतं असं नाही. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला हायस्कूलच्या इमारतीत घातक रसायनं सापडली, तेव्हा २०२१मध्ये गावातल्या मेसीज या बंद डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शाळा भरवली. मुलं सरकत्या जिन्याने वर्गात जायची. ऑस्टिनच्या हायलँड मॉलचं कम्युनिटी कॉलेज झालं. नॅशव्हिलला एका मॉलमध्ये विद्यापीठाचे दवाखाने आहेत. ग्रुएनच्या आराखड्यातल्या शाळा आणि दवाखाने असे उशिरा आले.

*

धागाकर्ती : गाळ्यांच्या कामात असलेल्या दादांना एक प्रश्न आहे. व्हीलचेअरवाल्या ताईंनी लिहिलेलं स्वच्छतागृह, सकाळी उघडी राहणारी दारं, बाकं, याचा खर्च कोण करत होतं?

*

गाळेवाले. भाड्याव्यतिरिक्त प्रत्येकाकडून सामाईक जागेच्या देखभालीचा आकार घेतात. झाडू, दिवे, सुरक्षारक्षक, बाकं, हीटिंग, सगळं त्यातून. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक चपलेत त्या बाकाचा थोडा पैसा होता. चालायला येणाऱ्यांनी काही घेतलं नाही तरी चालायचं, कारण बाकीचे घेत होते. ऑनलाइन मागवलेल्या चपलेत तो पैसा नाही.

*

मग तो आता पालिकेने द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे बंद मॉलच्या जागेवर घरं बांधायचा प्रस्ताव आला आहे आणि हरकती-सूचना मागवल्या आहेत. मी सूचना पाठवली : तळमजल्यावर छताखालचा चालण्याचा फेरा ठेवा, सकाळी सहाला उघडा, पायऱ्या नकोत, स्वच्छतागृह सगळ्यांसाठी, आणि देखभालीचा खर्च करातून. बिल्डरच्या माणसाने विचारलं, यातून उत्पन्न काय? मी म्हटलं, ग्रंथालयातून काय येतं? सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. वरचे दोन-तीन प्रतिसाद भाषांतर करून सोबत जोडायचे आहेत, ज्यांनी लिहिलेत त्यांनी परवानगी असेल तर सांगा.