सांगलीत वर्डकॅम्प करायचाय, हॉल मिळतोय, टोकन देऊ का?

विश्रामबागवाला:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत आठ वर्षं झाली वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर, साइट बनवतो, गिऱ्हाईक म्हणजे दवाखाने, क्लासेस, बेदाणेवाले, हळदवाले. पाच महिन्यांपासून आम्ही दर महिन्याला मीटअप घेतोय, पंधरा-वीस जण येतात, त्यातले सात-आठ नेहमीचे. कोल्हापूरचा वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचं संमेलन, बघून आल्यापासून डोक्यात एकच घोळतंय की आपल्याकडे का नाही. आता ओळखीतून एका इंजिनिअरिंग कॉलेजचं ऑडिटोरियम मिळतंय, ४०० खुर्च्या, एसी, पार्किंग सगळं, ते म्हणतायत जानेवारीची तारीख धरून ठेवतो पण पंचवीस हजार टोकन द्या. देऊन टाकू का? आणि स्पॉन्सर कसे गाठायचे, खाण्याचा अंदाज कसा धरायचा, तेही सांगा. अजून एक, इथली पोरं इंग्लिश सेशनला गप्प बसून राहतात, मराठीत सेशन ठेवलेली चालतात का?

जुना ऑर्गनायझर:
टोकन देऊ नका. आधी हे वाक्य लिहितो मग बाकीचं.

वर्डकॅम्प हे नाव रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे, वर्डप्रेस फाउंडेशनचं. वर्डकॅम्प सेंट्रलच्या, म्हणजे सगळे वर्डकॅम्प बघणाऱ्या मंडळींच्या, साइटवर अर्ज भरायचा, मग त्यांचं माणूस तुमच्याशी बोलतं, मीटअप नीट चाललाय का बघतं, त्यानंतर बजेट मांडायचं, ते तपासून झालं की मगच हॉलचा करार. तोपर्यंत 'वर्डकॅम्प सांगली' असं व्हॉट्सॲप स्टेटसलासुद्धा टाकू नका. आम्ही नेमकं उलटं केलं होतं, आधी हॉल धरला, खिशातून टोकन दिलं, पोस्टरचं डिझाइनपण तयार, आणि दीड महिन्याने कॉलेजचा फोन की त्या आठवड्यात युनिव्हर्सिटीची परीक्षा आलीय, पुढच्या महिन्यात बघू. टोकनची पावती मागितली तर क्लार्क म्हणाला साहेब रजेवर आहेत. ते साहेब अजून रजेवरच आहेत.

पैशाचं गणित असंय की तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवायचं असतं, म्हणजे विद्यार्थी नि छोटे फ्रीलान्सर येऊ शकतील. त्यामुळे तिकिटातून जेवणाचा खर्च निघाला तरी खूप, बाकी सगळं स्पॉन्सरवर. स्पीकरला मानधन नाही, ऑर्गनायझरला तर नाहीच नाही. आणि केटरर, मंडपवाला, बॅज छापणारा हे आगाऊ रोख मागणार. इव्हेंटच्या साइटच्या डॅशबोर्डमध्येच व्हेंडरचं पेमेंट मागायचा नि स्वतः खर्च केला असेल तर परत मागायचा फॉर्म असतो, पण बिल नसेल तर काही मिळत नाही, त्यामुळे कच्ची चिठ्ठी देणाऱ्या माणसाकडून काही घेऊच नका. आमच्या टीममध्ये एक ताई होती, बँकेत काम केलेली, तिने पहिल्या दिवसापासून एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये बिलं लावली, चहाची सुद्धा. ती नसती तर माझे बावीस हजार गेले होते.

पुण्यातला फ्रीलान्सर:
जुन्या काकांना अनुमोदन. आणि दोन वर्षांच्या वर सलग एकच माणूस लीड राहू शकत नाही असा नियम आहे हेही आत्ताच लक्षात ठेव भावा. तुझ्या पोस्टमध्ये सगळं 'मी' आहे. ते सात-आठ नेहमीचे म्हणतोस ना, त्यांच्यातलं व्हेन्यू कोण बघणार, स्पीकर कोण, स्पॉन्सर कोण, हे आधी ठरव. मीटअप संपल्यावर न सांगता खुर्च्या उचलायला कोण थांबतं ते बघ, तीच तुझी टीम.

इचलकरंजी_डेव्ह:
कालनिर्णय उघडून बसा तारीख धरताना, सिरियसली. आमच्या इथे एका कार्यक्रमाला शनिवारी नेमकी संकष्टी आली, सव्वाशे ताटातली तीसेक पडून राहिली आणि साबुदाण्याची खिचडी ऐनवेळी शोधत फिरलो. लग्नाची तिथ असली की केटरर भाव डबल करतो नि हॉल मिळत नाही ते वेगळंच. पावसाळ्यात तर विचारच नको, २०१९ चा महापूर तुम्हाला सांगायला नको.

विश्रामबागवाला:
संकष्टीचं डोक्यातच आलं नव्हतं 😅 पण काका, टोकन नाही दिलं तर ते ऑडिटोरियम हातचं जाईल ना. दुसरा पर्याय विष्णुदास भावे नाट्यमंदिर.

जुना ऑर्गनायझर:
जाऊ दे. कॉन्ट्रिब्युटर डेला, म्हणजे सगळ्यांनी वर्डप्रेससाठीच काम करायच्या दिवशी, लोक दिवसभर लॅपटॉप उघडून बसतात, नाट्यगृहात ते व्हायचं नाही, टेबलं लागतात, एक्स्टेन्शन बोर्ड लागतात, आणि शंभर लोक एकदम जोडल्यावर टिकेल असं नेट लागतं. हॉल बघायला जाल तेव्हा खुर्च्या मोजू नका, प्लग पॉइंट मोजा. जेवणाची रांग कुठे लागणार ते बघा. बायकांचं टॉयलेट स्वतः कुणा मैत्रिणीला पाठवून बघा, आणि जिना नसलेला रस्ता आहे का ते.

आणि कॉलेजचं म्हणाल तर अजून एक गोष्ट, फुकट मिळालेला हॉल सगळ्यात महाग पडतो. दीपप्रज्वलन, प्राचार्यांचं मनोगत, संस्थेच्या सचिवांचं मनोगत, शाल-श्रीफळ, आभार, मग आभाराचे आभार. आमचं पहिलं सेशन साडेनऊचं होतं, स्पीकरने माइक हातात घेतला तेव्हा पावणेअकरा झाले होते नि पाठीमागची पोरं कँटीनला पोचली होती. प्राचार्यांना आधीच जाऊन भेटा, सांगा की दोन मिनिटं स्वागत, सत्कार नाही. वाईट वाटत नाही त्यांना, आधी सांगितलं तर.

ठाण्याची प्लगइनवाली:
स्पॉन्सरबद्दल माझ्याकडून. एक होस्टिंग कंपनी आमच्याकडे आली, नाव घेत नाही, म्हणे गोल्ड स्पॉन्सरशिप घेतो पण सकाळचं एक सेशन आमच्या माणसाला द्या आणि रजिस्ट्रेशनचे मोबाइल नंबर द्या. दोन्ही चालत नाही. स्पॉन्सरशिपने स्टेज विकत मिळत नाही, स्पीकर वेगळ्या अर्जातून निवडतात, आणि लोकांचा डेटा तर अजिबात द्यायचा नाही. त्यांनी दोन आठवडे घोळवलं आणि शेवटी नाही म्हणाले, तोवर आम्ही बजेटमध्ये ते पैसे धरून बसलेलो. बँकेत आल्याशिवाय स्पॉन्सरचा रुपया धरू नका.

शिवाय जीपीएलचं तपासा, म्हणजे कोड कुणालाही वापरू, बदलू, वाटू देणारं लायसन्स. स्पॉन्सर असो, स्पीकर असो, नाहीतर तुम्ही स्वतः असो, थीम (साइटचं रूप) किंवा प्लगइन (वरून जोडायची सोय) विकत असाल तर ते शंभर टक्के जीपीएल लागतं. २०१३ मध्ये थीमफॉरेस्ट या थीमच्या ऑनलाइन बाजारात स्प्लिट लायसन्सने, म्हणजे थोडा भाग जीपीएल नि बाकी नाही अशा, थीम विकणाऱ्यांना वर्डकॅम्पची दारं बंद झाली होती, केवढा गदारोळ झाला होता, मग त्याच वर्षी तिथे पूर्ण जीपीएलचा पर्याय आला. नल्ड, म्हणजे पैसे न देता लॉक तोडून घेतलेली, थीम वापरणारा माणूस तर स्टेजवर नकोच, आपल्याकडे असे बरेच आहेत, गोड बोलून टाळा.

भाषांतर टेबल:
मराठीत सेशन चालतात का?! चालतातच. वर्डकॅम्प हा त्या गावाचा असतो, गाव जी भाषा बोलतं त्यात बोलायचं. स्लाइडवर कोड इंग्लिशच राहतो की. मी एका ठिकाणी कॅशिंगवर, म्हणजे साइटचं तयार पान साठवून ठेवण्यावर, मराठीत बोलले, उदाहरण दिलं की घरातला पिण्याच्या पाण्याचा माठ म्हणजे कॅश, तहान लागली की दरवेळी नळ येईपर्यंत थांबत नाही आपण, आणि नळाला नवीन पाणी आलं की माठ रिकामा करून भरायचा म्हणजे कॅश क्लिअर. मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, आमच्या क्लायंटचा माठ गेल्या दिवाळीपासून तोच आहे.' इंग्लिशमध्ये तो बोलला असता का?

आणि कॉन्ट्रिब्युटर डेला मराठी भाषांतराचं एक टेबल नक्की ठेवा. नवख्या माणसाला पहिल्या तासात काहीतरी केल्याचं समाधान तिथेच मिळतं, कोड यावा लागत नाही. फक्त एडिटर, म्हणजे भाषांतर मंजूर करू शकणारं, कुणीतरी टेबलावर हवं, नाहीतर पोरं वाक्यं टाकतात नि ती मंजुरीच्या रांगेत महिनोन् महिने पडून राहतात, मग परत कुणी येत नाही.

पुण्यातला फ्रीलान्सर:
खाण्याचं राहिलंच. आमचे दोनशे दहा नोंदले, आले एकशे पंचावन्न. तिकीट जितकं स्वस्त तितकी दांडी जास्त. केटररला दोन टप्प्यांत आकडा द्या, शेवटचा आदल्या दिवशी दुपारी. आणि बॅज दोन्ही बाजूंनी छापा, एका बाजूने छापलेला हमखास उलटा फिरतो आणि दिवसभर सगळे एकमेकांच्या पोटावरचा स्पॉन्सरचा लोगो वाचत बसतात. बॅगेत टी-शर्ट घालण्यापेक्षा भडंगाचं पाकीट घाला, सांगलीचं म्हणून लोक जपून घरी नेतील.

जुना ऑर्गनायझर:
भडंग एक नंबर. विश्रामबागवाले, पाच महिन्यांच्या मीटअपवर थेट वर्डकॅम्प काढू नका असं माझं स्पष्ट मत. त्या कॉलेजशी संबंध आहेत ना, तिथे आधी कॅम्पस कनेक्ट घ्या, २०२४ मध्ये अजमेरला सुरू झालं ते, विद्यार्थ्यांसाठी, लॅबमध्ये बसवून पोरांच्या हातून साइट करून घ्यायची. खर्च जवळपास नाही, लॅब कॉलेजचीच. प्राचार्य, क्लार्क, वॉचमन सगळे ओळखीचे होतात आणि तुमच्यातलं कोण कामाचं, कोण फक्त फोटोचं ते कळतं. एप्रिल २०२६ च्या मुंबईच्या वर्डकॅम्प आशियासारखं काहीतरी डोळ्यासमोर असेल तर ते विसरा, तो जिओ वर्ल्ड सेंटरचा मामला. तुमचा दीडशे माणसांचा, एक ट्रॅक म्हणजे एका वेळी एकच सेशन, एक दिवस, दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रिब्युटर डे, एवढा झाला तरी भरपूर.

विश्रामबागवाला:
आत्ताच कॉलेजमध्ये फोन केला. टोकन नाही म्हटल्यावर सर जरा नाराज झाले, पण लॅबचं विचारलं तर म्हणाले थर्ड इयरची साठ पोरं देतो, शनिवार घ्या. मी कालनिर्णय बघून सांगतो म्हटलं. ताई, माठाचं उदाहरण वापरलं तर चालेल का? आणि काका, तुमच्या त्या बँकवाल्या ताईंना विचारा ना बिलांची फाइल कशी लावायची, आमच्यात एक मुलगी तयार आहे शिकायला.

भाषांतर टेबल:
माठ घेऊन जा, कॉपीराइट नाही, जीपीएल आहे 😄