लॅपटॉप उंच केला तरी मान दुखतेच – मदत हवी आहे

कोरांटी_७: पोक काढून बसायची सवय मोडायला लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं घातली. वरची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत. पंधरा दिवस झाले, दुखणं वाढलंच. आता कवटीच्या खाली, मागच्या बाजूला. खांद्याचा पट्टा कोणता घेऊ? लवकर सांगा.

शेवगा: कीबोर्ड वेगळा जोडलाय का? टेबल किती उंच? हाताला मुंग्या येतात, वस्तू हातातून सुटते असं काही?

कोरांटी_७: कीबोर्ड-माऊस वेगळे. जेवणाचं टेबल, ७५ सेंमी. मुंग्या नाहीत. पट्ट्याचं सांगा ना.

दगडफूल: पट्टा नको. तो खांदे मागे ओढतो, मान पुढे ती पुढेच राहते.

आडवाटे: असं सरसकट नको. रोज वीस मिनिटं, नुसती आठवण म्हणून चालतो.

दगडफूल: आठवणीला मोबाइलचा गजर पुरतो. दर अर्ध्या तासाला उठा.

माईंचीसून: ओट्याकडेही बघा. ओटा कोपरापेक्षा १०-१५ सेंमी खाली हवा. कणीक मळायला आणखी खाली, नाहीतर खांदे वर चढतात.

शेवगा: माई, ओट्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की येते. कोरांटी, चष्मा आहे का? कोणता?

कोरांटी_७: प्रोग्रेसिव्ह, तीन महिने झाले. त्याचा इथे काय संबंध?

शेवगा: अहो, हे आधी सांगायचं! या काचेत लांबचा नंबर वर, वाचायचा तळाशी आणि स्क्रीनच्या अंतराचा मधल्या अरुंद पट्टीत. स्क्रीन उंच गेली की त्या पट्टीतून बघायला हनुवटी वर करावी लागते, आणि कवटीखालचे लहान स्नायू दिवसभर आवळलेले राहतात. तुमचं दुखतंय ते तिथेच.
डोळे मिटून मान सरळ ठेवा, मग डोळे उघडा. हनुवटी न उचलता स्क्रीनची मधली ओळ स्वच्छ दिसेपर्यंत एकेक पुस्तक काढा. स्क्रीन थोडी मागे कलती करा. तरी जमलं नाही, तर डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत टेपने मोजा आणि तेवढ्याच अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या.

दगडफूल: चष्म्याचं पटलं. पण ७५ सेंमीच्या टेबलाला जेवणाची खुर्ची बुटकी पडते, खांदे उचलून टाइप करावं लागतं. कोपर टेबलाच्या पातळीला येईल एवढी उशी घ्या. पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा.

आडवाटे: त्यापेक्षा चौरंग घेऊन जमिनीवर मांडी घाला.

दगडफूल: मांडी घातली की कंबर मागे गोल होते, पाठोपाठ मान पुढे. बसायचंच तर बुडाखाली दहा सेंमीची उशी हवी. आणि व्यायाम: नजर समोर, हनुवटी खणासारखी सरळ मागे सरकवा. खाली वाकवायची नाही. ५ सेकंद धरायची, १० वेळा.

कोरांटी_७: तीन पुस्तकं काढली. ओळ दिसतेय, हनुवटी जागच्या जागी! पण स्क्रीन कलती केल्यावर ट्यूबलाइट चमकतेय.

शेवगा: टेबल फिरवा. ट्यूब पाठीमागे किंवा डोक्यावर नको, बाजूला हवी.