शब्दचर्चा: एरर 'रॅप' करणे आणि 'जॉइन' करणे, मराठीत काय म्हणाल?

खटपट्या:
मंडळी, डिप्लोमाच्या पोरांसाठी गो या प्रोग्रामिंग लँग्वेजवर मराठीत नोट्स लिहितोय आणि एरर हँडलिंगच्या धड्यात अडकलोय. एररला एररच ठेवलंय, कारण चूक म्हटलं की ती कुणीतरी केली असं वाटतं, आणि त्रुटी म्हटलं की तहसील कचेरीतून अर्ज परत आल्यासारखं वाटतं. पण रॅपिंगचं काय करू? खालच्या फंक्शनकडून एरर आला की त्याच्यावर आपलं एक वाक्य चढवायचं, मूळ एरर आत शाबूत ठेवायचा आणि वर पाठवून द्यायचा. २०१९ च्या १.१३ व्हर्जनपासून ही सोय भाषेसोबतच येते, एररएफमध्ये (नवा एरर बनवणारं फंक्शन) टक्का-डब्ल्यू (%w) लिहिलं की झालं. मी 'गुंडाळणे' लिहिलंय. आणि २०२३ ला १.२० मध्ये अनेक एरर एकत्र करणारं जॉइन आलं त्याला 'जोडणे'. चालेल ना?

शब्दवेडी:
गुंडाळणे नको हो! चौकशी गुंडाळली, प्रकरण गुंडाळलं, गाशा गुंडाळला... मराठीत एकदा गुंडाळलं की विषय संपला, परत कुणी उघडून बघू नये हीच अपेक्षा असते. शिवाय 'मला गुंडाळलं' म्हणजे फसवलं. तुमच्याकडे तर आतला माल वरच्याला दिसला पाहिजे. लपेटणे बघा, किंवा वेष्टन घालणे.

बॅकएंडवाला:
ताई, तुम्ही सांगताय ते गुंडाळणं गोमध्ये खरंच आहे, फक्त ते टक्का-व्ही (%v) ने होतं 😄 टक्का-व्ही लिहिलं तर मूळ एररचा नुसता मजकूर नव्या एररमध्ये उतरतो आणि मूळ एरर गायब. टक्का-डब्ल्यू लिहिलं तर मजकूरही येतो आणि मूळ एररही आत राहतो. आता गंमत अशी की लॉगमध्ये दोन्ही अक्षरशः सारखेच दिसतात, "कॉन्फिग वाचताना: फाइल उघडताना: फाइल सापडली नाही", त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. फरक कधी कळतो, तर वरच्या फंक्शनने एरर्स-इज वापरून विचारलं की बाबा हा 'फाइल नाही' वाला एरर आहे का, तेव्हा डब्ल्यूवाला हो म्हणतो आणि व्हीवाला नाही म्हणतो, मग डिफॉल्ट सेटिंग घेऊन पुढे जायच्या ऐवजी प्रोग्राम तिथेच हात वर करतो.

सरकारी फाइलवर टेबलागणिक शेरा चढतो पण मूळ अर्ज आत नत्थी असतो ना, ते डब्ल्यू. अर्जाचा गोषवारा नव्या कागदावर लिहून मूळ अर्ज फाडून टाकला, ते व्ही.

शब्दवेडी:
मग गुंडाळणे हा शब्द व्हीलाच देऊन टाका की. पण मला एक सांगा, असं मुद्दाम कुणी का करेल?

बॅकएंडवाला:
करतात, आणि बरोबर करतात. समजा माझं पॅकेज आतून एसक्यूएल डेटाबेस वापरतं आणि मी त्याचा 'नो रोज' (एकही नोंद सापडली नाही) हा एरर डब्ल्यूने वर पाठवला, की वापरणारे लोक त्याच्यावर विसंबून कोड लिहिणार. उद्या मी डेटाबेस बदलला की त्यांचा कोड मोडला, शिव्या मला. रॅप केलेला एरर तुमच्या एपीआयचा, म्हणजे बाहेरच्यांना दिलेल्या वापराच्या कराराचा, भाग होऊन बसतो, म्हणून जे घरातलं आहे ते व्हीने झाकायचं. आणि ईओएफला ('फाइल संपली' सांगणारा एरर) तर हात पण लावू नका, रीड करताना तो आला तर जसाच्या तसा द्या, कारण वाचणारे त्याला थेट बरोबर-बरोबर (==) ने तपासतात, शेरा मारला की ती तुलना फसते.

जुना_पुणेकर:
एवढा खल कशाला, पोरं 'रॅप कर रे' असंच म्हणणार आहेत. क्रियापद रॅप करणे ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे लपेटणे सांगा, संपलं. एक मात्र चांगलं केलंत, 'वाचताना', 'उघडताना'. मी पाहिलेल्या कोडमध्ये प्रत्येक थर "अमुक करण्यात अपयश आले" असं लिहितो आणि शेवटी चार अपयशांनंतर खरं कारण येतं.

माझा आक्षेप 'जोडणे' ला आहे. जोडणे म्हणजे एकाला पुढे दुसरं, पण तशी साखळी तर रॅपिंगनेच होते! जॉइनमध्ये सगळे एरर शेजारी शेजारी उभे असतात, कुणी कुणाच्या आत नाही. 'मोट बांधणे' घ्या. विरोधी पक्षांची मोट बांधतात तेव्हा प्रत्येकाचं चिन्ह वेगळंच राहतं.

खटपट्या:
मोट!! भारी. पण आजच्या पोराला मोट कळेल का राव, आणि ज्याला कळेल त्याला विहिरीवरची आठवेल.

बॅकएंडवाला:
इलेक्शनच्या बातम्या वाचणाऱ्याला कळेल. उदाहरण मात्र खरं द्या. फाइलमध्ये लिहिताना एरर आला, मग डिफरमध्ये (फंक्शन संपताना आपोआप चालणारा भाग) क्लोज केलं तर तिथे पण एरर आला, आता रिटर्न कुठला करायचा? पूर्वी लोक दुसरा सरळ गिळायचे नाहीतर बाहेरची मल्टीएरर लायब्ररी आणायचे. आता दोघांची मोट बांधा आणि द्या. क्लोज नीट झालं असेल तर तिथून निल (म्हणजे एरर नाही) येतं आणि जॉइन निल टाकूनच देतं, सगळेच निल असले तर उत्तरही निल, म्हणजे वेगळा इफ लिहायला नको. छापलं की दर ओळीला एक एरर. आणि १.२० पासून एकाच एररएफमध्ये दोन-तीन डब्ल्यू पण चालतात, म्हणजे वर वाक्य आपलं आणि खाली मोट, दोन्ही एकदम. तिथे साखळी संपते आणि झाड सुरू होतं, एरर्स-इज ते झाड एकेक फांदी खोलवर धुंडाळत जातं.

शब्दवेडी:
अनरॅपला, म्हणजे आतला एरर बाहेर काढण्याला, 'उकलणे' घ्या मग, गाठही उकलते आणि कोडंही.

बॅकएंडवाला:
उकलणे झकास. फक्त खाली बारीक टीप टाका की एरर्स-अनरॅपने मोट उकलत नाही, निल मिळतं. त्याला एकच एरर परत देणारी अनरॅप मेथड कळते, मोटेची मेथड एररची स्लाइस (यादी) देते. इज आणि अ‍ॅज (ठरावीक प्रकारचा एरर शोधणारं फंक्शन) दोन्ही मोट ओळखतात, त्यामुळे तपासायचं ते त्यांच्याकडूनच.

खटपट्या:
टाकतो. लपेटणे, मोट, उकलणे, आणि व्हीला गुंडाळणे. जॉइनच्या पहिल्या उल्लेखाला कंसात 'विहिरीवरची नव्हे' लिहू का? 😅